अबक पाटलांचं मशीन

थप्प!

हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. पैनगंगेच्या काठाला माझा बाप विटा पाडायचा. साच्यात चिखल भरायचा, वरून हात फिरवायचा आणि साचा जमिनीवर उलटा करायचा. थप्प! वीट तयार. तुटक्याफुटक्या विटा भट्टीच्या कडेला पडून राहायच्या. कोणी मुद्दाम रचत नसे, तरी त्यांचा ढीग व्हायचाच. आमच्या ऑफिसातले किस्सेही तसेच साचले आहेत.

ऑफिस म्हणजे मेहकरला पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खोली माझ्या पुतण्याची. मी किल्ली सांभाळतो, चहा करतो आणि कोपऱ्यात बसून ऐकतो. तिथे दोघं काम करतात. पल्लवी हिवरा आश्रम या गावची, रोज एसटीने येते. अमोल गावातलाच. दोघांचाही मी आबा.

कोणत्या गावात कोणाचं मळणीयंत्र रिकामं आहे, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं आणि तिथूनच ते बोलावता यावं, अशी वेबसाइट त्यांना करायची होती. पल्लवीने त्यासाठी घरून आपला कॉम्प्युटर आणला होता, कॉलेजात असताना बापाने घेऊन दिलेला.

पहिल्या दिवशी अमोल मला म्हणाला, "आबा, समदं पहिल्यापासून नाही करा लागत. टेम्प्लेट भेटते. ते उतरवून घ्यायचं, नावं बदलायची, की सर्व्हर उभा!"

"म्हणजे साचा," मी म्हणालो.

"हाव! साचाच!"

मग मी त्यांना बापाची गोष्ट सांगितली. त्याने एकदा जुना साचा विकत घेतला होता. साच्याच्या तळाला आधीच्या मालकाची अक्षरं कोरलेली. ती खरवडायची राहिली आणि अख्खी भट्टी दुसऱ्याच्या नावाची निघाली!

अमोल खूप हसला. "आबा, इथं तसं नाही होत. कॉम्प्युटर आहे हा!"

पुढचे सगळे किस्से या वाक्यानंतरचे आहेत.

*

पल्लवीचे वडील भास्करराव. घरची शेती, स्वतःचं मळणीयंत्र. बोलणं कमी, पण बोलले की पक्कं. ते एकदा येऊन खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि लेकीला म्हणाले, "सोयाबीन निघेपर्यंत पाह्यतो. तुह्या त्या साइटीवरून एका तरी परक्या मानसानं मशीन बोलावलं, त राह्य इथं. नाही त दादाकडे पुन्याले जाय, नोकरी पाह्य."

"बाबा, आपलं मशीन टाकू त्याच्यात?"

"माह्यं नाव नाही टाकायचं. लोकं हासतीन."

त्या दिवशी पल्लवीचा चहा कपातच गार झाला.

*

टेम्प्लेट पहिल्यांदा चालू झालं तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, जगाला नमस्कार सांगणारी. अमोल खुर्चीवर उभा राहून ओरडला, "चालू झालं! चालू झालं!"

खालून गिरणीवाला रहीमभाई पिठाने पांढरा झालेला धावत वर आला. त्याला वाटलं, गेलेली लाइट आली.

"क्या चालू झालं बे?"

"सर्व्हर चालू झाला, चाचा! हे पाहा, नमस्कार म्हनते!"

रहीमभाईने पडदा पाहिला, अमोलला पाहिलं. "एवढ्यासाठी मले जिना चढवला? माह्या गिरनीत येनारं हरेक मानूस नमस्कार म्हनते. म्या कधी नाचलो काय?"

*

त्याच आनंदात अमोलने साइटचा पत्ता सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला. लोणारच्या मामांचा लगेच फोन आला. "भाचेराव, उघडून नाही राह्यलं."

"मामा, तुमचा मोबाइल जुना झाला. माह्या इथं त मस्त चालते!"

मामा माणूस भोळा. चार दिवसांनी नवाकोरा मोबाइल घेऊन लोणारच्या एसटीने थेट ऑफिसात हजर! "आता दाखव."

आताही उघडेना. पल्लवीने मामांच्या हातातून मोबाइल घेतला, पत्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. "अमोल, हा पत्ता त तुह्याच लॅपटॉपचा आहे बे! तो तुह्याच लॅपटॉपवर चालनार. मामाच्या मोबाइलवर टाकला, त मोबाइल सोतालेच विचारते, साइट आहे काय म्हून!"

अमोलने मान खाली घातली. "मामा, जुना मोबाइल चांगलाच होता म्हना तुमचा. आहे ना घरी?"

"नाही रे," मामा शांतपणे म्हणाले. "खराब आहे म्हून तुह्या बापाले देऊन टाकला."

*

पुढे साइट खरोखर सगळ्यांना दिसू लागली. तिच्यावर 'आमची माणसं' असं एक पान होतं. टेम्प्लेटमध्ये तिथे परदेशी लोकांचे फोटो होते. दोघांनी आपापले फोटो लावले, बाकीचे काढले. पण सगळ्यात वर एक सोनेरी दाढीवाला साहेब कोट घालून हसत होता, तो राहून गेला. त्याच्याखाली लिहिलेलं, 'संचालक'.

एक दिवस एक म्हातारे शेतकरी काठी टेकत जिना चढून आले. "मोठे सायेब कुठी आहेत? मले त्याहिच्याशीच बोलायचं आहे."

"कोनते सायेब?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. अमोलला घाम फुटला. "ते... ते सुट्टीवर आहेत."

"कधी येतीन?"

"लांब राह्यतात ते."

म्हातारे गेल्यावर पल्लवीने तो फोटो काढला. पण जागा रिकामी ठेवल्यावर बाकीचं पान वाकडं दिसायला लागलं. म्हणून तिथे तिने माझा फोटो लावला, टोपी घातलेला. खालचं 'संचालक' मात्र तसंच!

आठवड्याने म्हातारे पुन्हा आले. त्यांनी मोबाइल पाहिला, मग चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या मला पाहिलं. बराच वेळ विचार केला.

"काऊन हो," ते म्हणाले, "त्या गोऱ्याले तुम्हीच काढलं काय?"

*

दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा. रहीमभाईच्या गिरणीलाही झेंडूचा हार होता. पल्लवी म्हणाली, "आपल्या सर्व्हरची पूजा करू." पण सर्व्हर भाड्याचा, कुठे दूरच्या शहरात. कुंकू लावायचं कशाला? शेवटी मीच तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचं एक बोट टेकवलं. हात जोडले.

दसरा झाल्यावर अमोल त्या कॉम्प्युटरवर बसला. "पल्लवी, पानाच्या कोपऱ्यात हा लाल ठिपका कोन टाकला?"

"म्या नाही."

टेम्प्लेटमधलाच असणार म्हणून त्याने शोध सुरू केला. ही फाइल उघड, ती फाइल उघड. रंग बदलले, पान बदललं, ठिपका काही हलेना. सकाळचा चहा झाला, दुपारचा झाला. मी सांगणार होतो, पण तो एवढा मन लावून काम करत होता की मध्ये बोलवेना.

संध्याकाळी त्याने दमून कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. ठिपका तिथेच!

अमोल माझ्याकडे वळला. "आबा," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी खुर्चीची पूजा करा."

*

पण साइटवरून मशीन कोणी बोलावल्याचं दिसेना. सोयाबीन निघत आलं. पल्लवी रोज सकाळी आली की आधी फोन तपासायची. मग एका दुपारी भास्कररावांचा निरोप आला, "कॉम्प्युटर बांधून ठेव. येतो न्यायले."

तिने तो खोक्यात घातला, वरून सुतळी बांधली. अमोल तिच्याकडे पाहत नव्हता. मी चहा टाकला, दुसरं काय करणार?

भास्करराव वर आले ते रागातच. अंगावर सोयाबीनचा भुसा. "आधी मले सांग, हा अबक पाटील कोन आहे?"

"कोन?"

"दहा दिवसांपासून फोनवर फोन! मशीन चालू असते, खाली उतरून फोन घ्या लागते, त म्हनते, अबकराव पाटील आहेत का? मंगरूळहून काय, सुलतानपूरहून काय! राँग नंबर सांगून सांगून तोंड दुखलं माह्यं!"

पल्लवीने जीभ चावली. टेम्प्लेटमध्ये एका यंत्रमालकाची खोटी नोंद असते, कशी भरायची ते दाखवायला. तिथे तिने नाव घातलं होतं अबक पाटील, गाव हिवरा आश्रम. आणि फोन नंबर बोटांना पाठ असलेला एकच, बापाचा. नोंद पुसायची राहून गेली होती.

"बाबा, चुकलं माह्यं. अमोल, पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस!"

अमोलने लॅपटॉप ओढला. तेवढ्यात भास्कररावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो उचलला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"अबकराव पाटील बोलता काय?"

भास्कररावांनी लेकीकडे पाहिलं. मग अमोलकडे पाहून हात वर केला, थांब म्हणून.

"हाव, बोलून राह्यलो," ते म्हणाले. "गाव कोनतं तुमचं? ... किती एकर? ... बरं. परवा येते मशीन."

फोन खिशात ठेवला. चहाचा कप उभ्याउभ्याच रिकामा केला. मग खोक्यापाशी खाली बसले, सुतळीची गाठ नखाने हळूहळू सोडवली, सुतळी हाताला गुंडाळून खिशात टाकली आणि जिना उतरून गेले.