रोलिंगचा तास

मी आज पदवीधर आहे ती सुमनबाई वाघमाऱ्यांमुळं. बिलोली तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. मला लातूरला मेडिकलच्या क्लासला घाला, हे बाईंनीच वडलांना पटवलं.

त्या क्लासात एका सकाळी फिजिक्सचे सर फळ्यावर ‘रोलिंग’, म्हणजे चाकाच्या फिरण्याचं प्रकरण, लिहून आमच्याकडं वळले. हसतच म्हणाले,

“हे लई अवघड हाय. कॅटेगरीवाल्यांनी सोडून दिलं तरी चालतंय. तुमचा कटऑफ खाली. बाहेर बसून बायो करा. इथं जागाबी होईल.”

सात-आठ जण उठलो. दोनशे पोरं बघत होती. दारातून जाताना मी म्हणाले, “थँक्यू सर.”

मनापासून म्हणाले. सर आमचा वेळ वाचवतायत, असंच वाटलं मला. मोठी माणसं काही देतात, आपण वाकून घेतो. घरी हेच शिकले होते.

बाहेर जिन्यावर बसले. दार अर्धं उघडं होतं. आत सरांनी विचारलं, “सायकलला पायडल मारलं, मागच्या चाकावर घर्षण कुठल्या दिशेला?”

“मागं!” सगळा हॉल ओरडला.

पुढं. माझ्या तोंडात आलं होतं. बाईंनी सायकल ओल्या वाळूत धरून मला पायडल मारायला लावलं होतं. वाळू मागं उडाली. “चाक वाळूला मागं ढकलतंय. मग वाळू चाकाला कुठं ढकलंल गं?”

मला येत होतं. आणि मी जिन्यावर होते. आभार मानून आले होते. कान तापले. त्या दिवशी डबा उघडला नाही. राग सरांचा नव्हता अजून. लाज माझीच होती.

दुसऱ्या दिवशी रोलिंगच्या तासाला बाकीचे उठले. मी बसून राहिले.

“तू गं?”

मी उभी राहिले. “सर, मागच्या चाकावर घर्षण पुढं लागतं. पुढच्या चाकावर कुठं? ते मला कळत न्हाई.”

“तुला कशाला पाहिजे, बाळा? तुझं होऊन जातंय की.”

मागून एक पोरगा म्हणाला, “सर, तिला निम्म्या मार्कात डॉक्टरकी हाय!”

हॉल हसला. सरही हसले.

“मला समजून घ्यायचंय,” मी म्हणाले. “मी बाहेर जाणार न्हाई.”

सर फळ्याकडं वळले. मी खाली बसले आणि तास संपेपर्यंत लिहीत राहिले. शेजारची पोरगी जरा सरकून बसली.

त्या रात्री बाईंना पत्र लिहिलं.

“आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

पुढच्या चाकावर घर्षण मागं लागतं. त्याला पायडल नसतं, सायकल त्याला नुसती पुढं रेटते. रस्ता खालून मागं ओढतो म्हणून ते घसरत न्हाई, फिरतं. माझं मी काढलं. चुकलं असंल तर कळवा.

इथं मला काय म्हणाले, ते सांगायची लाज वाटते. पण ती लाज माझी न्हाई, हे आज कळलं. मी क्लास सोडणार न्हाई. नाव घेऊन उठवलं तर सगळ्यांसमोर कारण विचारीन. आणि डॉक्टरकी मिळो न मिळो, बाई, मी फिजिक्स पुरतं शिकणार. आपल्या पोरींनी काय शिकायचं न्हाई, हे ह्यांना ठरवू देणार न्हाई.

तुमची विद्यार्थिनी”