एका बाटलीला किती गोळ्या

माझ्या नवऱ्याला बिअर पिण्यापेक्षा बिअर करण्यात जास्त रस. प्यायचा ती मोजून एक, तीही शनिवारी. पण ब्लॅकटाउनच्या आमच्या गराजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. तिथे त्याचा झाकणाचा पांढरा पिंप, नळ्या, तपकिरी छोट्या बाटल्यांची (इथे त्यांना स्टबी म्हणतात) खोकी आणि बाटलीवर पत्र्याचं झाकण दाबून बसवायचं यंत्र. प्रत्येक वस्तू आधी औषधाच्या पाण्यातून काढायची, मगच बिअरला लावायची. चर्चमधली वेदीसुद्धा कोणी इतकी पुसत नसेल, असा टोमणा मी मारायचे, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

कृती विचारली तर म्हणायचा, डोक्यात आहे. वहीत लिहिणं त्याला कमीपणाचं वाटायचं. वसईहून आम्ही आलो तेव्हापासूनचे फोन नंबर, गाड्यांचे नंबर, लेकीच्या लसींच्या तारखा, सगळं त्या डोक्यात. मग जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढून नेताना, तो ड्राइव्हवेवर कोसळला. तीन दिवसांपूर्वीच त्याने पिंप भरून ठेवला होता.

मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाणीसुद्धा घशाखाली उतरेना म्हणून ते पेजेसारखं दाट करून चमच्याने द्यायचे. डावा हात तेवढा चालत होता. हॉस्पिटलात बोलण्यावर उपचार करणारी एक तरुण मुलगी यायची, तिने त्याला खूण शिकवली. हो म्हणायचं असेल तर एक बोट, नाही म्हणायचं असेल तर दोन. मग ती विचारायची. तहान लागली आहे का? एक बोट. हे केळं आहे का? हातात तिचा पेन, तरी एक बोट. तू बाई आहेस का? पुन्हा एक बोट. ती गोड हसायची आणि कागदावर काहीतरी लिहायची. ते लिहिणं मला बघवायचं नाही.

कारण रिहॅबमध्ये, म्हणजे पुन्हा चालायला-बोलायला शिकवतात तिथे, जागा मिळायची तर पेशंटला समोरचं बोलणं कळायला हवं, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. कळत नसेल तर नर्सिंग होम. पाच आठवड्यांनी एका गुरुवारी मीटिंग होणार होती. मी रोज त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचे आणि विनवायचे, अरे एकदा तरी दोन बोटं दाखव. तो छताकडे बघत राहायचा.

पाचव्या आठवड्यात मी काहीतरी काढायला गराजमध्ये गेले आणि तो पिंप दिसला. बिअर झाली की ती बाटलीत गेलीच पाहिजे, ती कोणासाठी थांबत नाही, हे तो नेहमी सांगायचा. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. का कोण जाणे, मी मनाशी बोलून बसले, की ही बिअर नीट झाली तर हा घरी येईल. त्याच दिवशी नोव्हेना सुरू केला. नऊ दिवसांची प्रार्थना, आणि प्रत्येक दिवशी मागणं एकच. साठीला आलेली बाई असा वेडेपणा करते का, तर करते. हात बांधून बसण्यापेक्षा तो बरा वाटतो.

बाकी सगळं मी त्याला हजारदा करताना बघितलं होतं. अडचण एकच. प्रत्येक बाटलीत साखरेच्या गोळ्या टाकायच्या असतात, लिमलेटच्या गोळ्यांसारख्या, म्हणजे बंद बाटलीत यीस्ट ती साखर खातं आणि बिअरला फेस येतो. त्या किती टाकायच्या ते मला माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलात गेले आणि त्याला सरळ विचारलं.

“पिंप झालाय तुझा. मी बाटल्या भरते. एका बाटलीला किती गोळ्या?”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं.

मला रडू कोसळलं. मला हवा होता आकडा, आणि हा सगळ्यालाच दाखवतो तेच “हो” दाखवत होता. मी त्याचं बोट खाली केलं, हात चादरीत घातला आणि घरी आले.

बुधवार होता. मी औषध मापून पाण्यात टाकलं आणि सगळं धुतलं. फोनवर एक माणूस बाटल्या भरून दाखवत होता, तो प्रत्येकीत दोन गोळ्या टाकत होता. त्याच्या बाटल्या आमच्याहून दुप्पट मोठ्या होत्या हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग मी पिंपातली घोटभर बिअर चाखली. कडू जहर, आणि फेसाचा पत्ता नाही. तिथे मला माझी आई आठवली. वसईला नाताळच्या आधी आमच्या घरी वाईन व्हायची, काळी द्राक्षं, मूठभर गहू, यीस्ट आणि साखर, चिनी मातीच्या बरणीत एकवीस दिवस. साखरेला हात आखडला की वाईन आंबते, हे आईचं वाक्य. ती चाखायची आणि पुन्हा एक वाटी टाकायची. तिची वाईन कधी बिघडली नाही. मी म्हटलं, दोन कशाला, तीन टाकू. आईच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधलेलं असायचं आणि वारा मोकळा जायचा, आणि मी मात्र पत्र्याची झाकणं दाबून बसवत होते, याचा विचार करायला जागेवर डोकं लागतं. ते आमच्या घरात त्याचं होतं.

साठ बाटल्या भरल्या. नळी खाली टेकवायची, भरू द्यायची, गोळ्या टाकायच्या, झाकण ठेवायचं, दांडा खाली ओढायचा. संध्याकाळ होईतो कंबर मोडली. पण पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. वरण-भात केला आणि ताटलीभर खाल्ला.

रविवारी लेक आली, ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून. तिने नर्सिंग होमची यादी आणली होती. आम्ही त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून ती वाचत होतो. हे घराजवळ आहे, त्यांचं जेवण बरं आहे, इथे कॅथलिक चॅपल आहे. मध्येच ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “मम, ही माइट बी लिसनिंग.”

मी थकले होते. हे कारण नाही, पण खरं आहे.

“काही ऐकत नाही तो,” मी म्हटलं. “आत कोणी नाहीये. त्याच मंगळवारी गेला असता तर बरं झालं असतं गं.”

तिने यादीची घडी घातली. नंतर आम्ही दोघी कॅंटीनमध्ये जाऊन कॉफी प्यायलो.

नोव्हेनाचा आठवा दिवस बुधवारी आला. इथल्या उन्हाळ्यातला, फेब्रुवारीचा ऊन ओकणारा दिवस, गराजचा पत्रा हाताला चटका देत होता. सकाळी अकराच्या सुमारास मी भांडी घासत होते आणि गराजमधून आवाज झाला. मला वाटलं काही पडलं. मग दुसरा, मग एकामागून एक तीन. दार उघडलं तर जमिनीवर बिअरचा पाट, भिंतीत रुतलेल्या काचा आणि आंबूस वास. माझ्यासमोर आणखी एक खोकं वरून फाटलं.

मी दार ओढून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसले. उद्या मीटिंग, आणि माझा नवस भिंतीवरून ओघळत होता. मी देवाला वाटेल ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

आवाज ऐकून शेजारचा म्हातारा कुंपणापाशी आला. गोरा, आमच्या लेकीच्या जन्माआधीपासून तिथे राहणारा, आणि माझ्या नवऱ्याच्या बिअरचं पहिलं गिऱ्हाईक. त्याने आत डोकावून पाहिलं आणि गोळ्या किती टाकल्यास ते विचारलं. मी सांगितलं, तीन.

“थ्री? इन अ स्टबी?” तो म्हणाला. “वन, लव्ह. ही ऑल्वेज पुट्स वन.”

मग त्याने मला उरलेल्या बाटल्यांची झाकणं सैल करायला मदत केली. आम्ही दोघं स्वेटर घालून, ओव्हनचे हातमोजे चढवून, डोळ्यांना पोहण्याचे गॉगल लावून चाळीस डिग्रीत उभे होतो. एकेक झाकण उचललं की बिअर छतापर्यंत जायची. एकही बाटली वाचली नाही. आणि मी मनात तेवढंच घोकत होते. एक. त्याने एक सांगितलं होतं.

पण तो सगळ्यालाच एक दाखवायचा. माझ्या प्रश्नाला ते नेमकं लागू पडलं असेल, इतकंच. गाडीत बसले तरी माझं हेच चाललं होतं. आशा धरायची भीती वाटत होती आणि सोडवतही नव्हती.

दुपारी मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. केसांना बिअरचा वास येत होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

“बाटल्या फुटल्या,” मी म्हटलं. “सगळ्या.” गोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

 त्याने डावा हात उचलला आणि एक बोट वर केलं. पुन्हा तेच, मला वाटलं. पण या वेळी बोट खाली आलं नाही. ते त्याने माझ्या तोंडासमोर हलवलं, दटावल्यासारखं. मग माझ्याकडे रोखलं. मग दोन बोटं केली आणि डावी भुवई वर नेली. तो मला विचारत होता.

मी मान हलवली. नाही.

तो थांबला. विचार केला, मला तो विचार करताना दिसला. मग सावकाश तिसरं बोट उघडलं.

“हो,” मी म्हटलं. “तीन.”

त्याने डोळे मिटले आणि नाकातून फुस्स केलं. मी गाडी वाकडी लावली की तीस वर्षं तो हेच करायचा. मी हसत होते की रडत होते ते मलाही कळेना. केळ्याचा प्रश्न, बाईचा प्रश्न, सगळ्यांना हा हो का म्हणत होता तेही तेव्हा उमगलं. फालतू प्रश्नांना उत्तर द्यायची त्याला कधीच सवय नव्हती. माणूस अख्खा आत होता, आणि चिडलेला होता. मी नर्सला बोलवायला बेलकडे हात नेला. ती मुलगी, ते डॉक्टर, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता इथे आणायचं होतं.

बेल हातात आली आणि मला रविवार आठवला.

मी बेल दाबली नाही. खाली ठेवली.

“रविवारी मी लेकीला जे म्हटलं,” मी विचारलं, “तेही ऐकलंस?”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत होता. हात चादरीवर होता. त्यातलं एक बोट वर आलं.