पांढऱ्या चौकोनातला चावीवाला

सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्याबाहेर तो चाव्या बनवायचा. घासलेल्या प्रत्येक चावीवर फुंकर मारून ती उन्हात धरायचा. फुटपाथवर सरकारने आखून दिलेल्या पांढऱ्या चौकोनाबाहेर त्याची पेटी बोटभरही सरकत नसे. इतका नियम पाळणारा माणूस मला खरा वाटेना. परवाना खोटा असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

"सरकारने धंद्यात पडूच नये," असं मी त्याला माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत सुनावायचो.

"बाबूजी, ये लकीर मिटी तो कल यहाँ कोई तगड़ा बंदा बैठेगा," तो हसून म्हणायचा.

आज सांगूनच टाकतो. त्याच्या परवान्याविरुद्ध निनावी तक्रार मीच केली. सरकार नको म्हणणाऱ्याने सरकारच बोलावलं. चौकशी होईपर्यंत त्याला तिथून उठवलं.

एका दुपारी तो मला बसथांब्यावर गाठून म्हणाला, "आप पढ़े-लिखे हो जी, अर्ज़ी लिख दो." त्याने दाखवलेला परवाना अस्सल होता. मी अर्ज लिहिला. तक्रारीचा क्रमांकही लिहिला. रोज फोनवर तपासून तो पाठ झाला होता. तो क्रमांक असलेली, त्याला उठवताना मिळालेली नोटीस मात्र अजून त्याच्या खिशातच होती.

त्याने ती काढली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून अर्जातल्या क्रमांकाशी जुळवलं. मग अर्ज उन्हात धरला, त्यावर फुंकर मारली आणि मला बाबूजी न म्हणताच निघून गेला.