पंखा न्हाय, पत्रा वाजतोय

पुण्याच्या एका कंपनीला मराठी पुस्तकं वाचणारा आवाज हवा होता. डोळ्यांपेक्षा कानांनी वाचणारे लोक आता वाढलेत, त्यांच्यासाठी. घरी बसून रेकॉर्डिंग करायचं आणि पाठवायचं. मी दोनदा नमुना पाठवला आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, की आवाज छान आहे, पण मागे सतत भुणभुण ऐकू येते. सोमवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा नमुना पाठवा, नंतर आम्ही घेणार नाही.

हे काम मला फार हवं होतं. शाळेत धडा वाचायला बाई मलाच उभं करायच्या. त्यानंतर माझा आवाज कुणी मागितलाच नव्हता. लग्न होऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरला आले, त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माझ्या आवाजाचा उपयोग मुख्यतः हाका मारायला झाला.

भुणभुण होती कॉम्प्युटरच्या पंख्याची. नवऱ्याने बेळगावातून नवा पंखा आणून बसवला, तरी ती तशीच. मग त्याने ऑनलाइन रबराचे वॉशर मागवले. पंखा आणि कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा यांच्यामध्ये ते घातले की पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. रविवारी त्याने ते बसवले आणि चारही स्क्रू दात-ओठ खाऊन आवळले. आमच्या घरात काहीही ढिलं राहिलेलं त्याला खपत नाही. नळसुद्धा असा बंद करतो, की मला तो उघडायला दोन हात लावावे लागतात. एवढं करून चालू केलं, तर भुणभुण जशीच्या तशी. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा,' असं मी म्हटलं आणि सोमवारी तो रुसूनच कामावर गेला.

दुपारी गल्ली शांत असते. मी दाराला वाकळ टांगली, खिडकी लावली आणि माइकपुढे बसले. दुसऱ्याच पानावर वाकळ बाजूला करून सासरे आत आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जेवलीस काय गं?"

आमचे आप्पा तीस वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर होते आणि आपले कान तिथंच ठेवून आले. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन कपाटात पडून आहे. "जन्मभर मशीनच ऐकली, आता कानात पन मशीन व्हय?" म्हणतात. त्यामुळे घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात आणि तेही सगळ्यांशी ओरडूनच. मी "आप्पा, चहा!" म्हटलं की आधी तीन घरं पलीकडे कळतं, मग आप्पांना.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "जरा गप बसा की! आधीच ह्यो आवाज!" मी किंचाळले.

"कसला आवाज?"

"तुम्हास्नी न्हाय ऐकू यायचा!"

बोलून गेले आणि लाज वाटली. त्यांना एरवी निम्मं ऐकू येत नाही, हे मात्र पूर्ण ऐकू गेलं. ते पुढे आले आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर पुरता तळहात टेकवून उभे राहिले. मग टेबलावर ठेवला. मग परत डब्यावर, मागच्या बाजूला, पंख्याजवळ.

"पंखा न्हाय," ते म्हणाले, "पत्रा वाजतोय. डायव्हर आन."

मी कॉम्प्युटर बंद केला. त्यांनी एक स्क्रू काढला आणि चेपून पापड झालेला वॉशर माझ्या हातावर ठेवला. "रबर असं आवळलं की त्ये रबर न्हाय, लोखंडच झालं. त्येला हलाय जागा ठेवाय पायजे." शिवाय स्क्रूची मान भोकात पत्र्याला टेकत होती आणि थरथर तिथूनही उतरत होती. आप्पा बाहेर गेले. सायकलच्या चाकात हवा भरतो, तिथली बारीक रबरी नळी घेऊन आले. तिचे चार तुकडे कापून चारही स्क्रूंना झगे घातल्यासारखे चढवले. मग स्क्रू बसवले, टेकेपर्यंतच. शेवटचा पीळ त्यांनी कुठल्याच स्क्रूला दिला नाही. मुलगा अजून पोरगा आहे, एवढंच पुटपुटले.

चालू केलं. आप्पांनी हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कान लावला. नुसता वारा येत होता, हळू, सुपाने पाखडताना येतो तसा.

मी वाचलं. आप्पांना बाहेर जा म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले, हातसुद्धा न हलवता. चार वाजता नमुना पाठवून दिला. होकार दोन दिवसांनी आला आणि नवऱ्याने तो स्वतःच्या वॉशरच्या नावावर जमा करून घेतला.

पण त्याच दुपारी, पाठवून झाल्यावर, मी आप्पांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण वाढवून तेच वाचन लावलं. आधी एवढा वाढवला असता तर भुणभुणच वाढली असती. ते ऐकत राहिले. मग मोठ्याने विचारलं, "कोन वाचतंय?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"तू?" ते बघतच राहिले. "एवढं हळू बोलतीस व्हय गं? मला वाटायचं, तुझा आवाजच चिडका हाय."

मला रडूच आलं. अकरा वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला आणि त्याला माझा फक्त ओरडायचा आवाज माहीत होता. वर मी त्याला बहिरा म्हणून हिणवलं होतं.

माइक चालू होता. त्यात बोललेलं लगेच त्यांच्या कानात जात होतं. मी तो जवळ ओढला आणि आईशी बोलावं तितक्या हळू विचारलं, "आप्पा, चहा ठेवू काय?"

"ठेव," आप्पा म्हणाले. तेही हळूच.