शब्द नको, नुसती पेटी

लातूरच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी वॉर्डन मॅडमनी अभ्यासिका दाखवली आणि बजावलं, "इथं श्वास घेतलेलासुद्धा ऐकू यायला नको." चाळीस मुली माना खाली घालून बसल्या होत्या. मीही बसले. आठवडाभरात माझ्या ध्यानात आलं, की मला शांततेत वाचताच येत नाही.

आमचं घर हिमायतनगरला, दीड खोलीचं. पप्पा वीज खात्यात लाइनमन. दिवसभर खांबावर चढायचे आणि संध्याकाळी हातपाय धुतले की पेटी काढून बसायचे. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, विहाराच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या रियाजाशेजारी, भिंतीला पाठ लावून मी दहावी केली, त्याआधीच्या सगळ्या इयत्ताही केल्या. तो आवाज आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. घरात उजेड असतो तशी ती पेटी असायची.

लातूरला ती नव्हती. चाळीस मुलींच्या त्या खोलीत माझी छाती धडधडायची, कान आपोआप टवकारले जायचे. एकच पान चार वेळा वाचायचे. दर रविवारी मेडिकल प्रवेशाच्या क्लासची परीक्षा व्हायची आणि दर रविवारी माझा नंबर खाली घसरायचा. शेवटी मी धीर करून मॅडमना विचारलं, "अभ्यास करताना हळू आवाजात काही ऐकलं तर चालेल का?"

"इथं डॉक्टर व्हायला आलीस का गायिका?" त्या म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुली हसल्या.

मी हसले नाही. मनाशी म्हटलं, बघू.

माझी खोलीतली जोडीदारीण उदगीरची, आडत व्यापाऱ्याची मुलगी. मोबाईल आम्हाला फक्त रविवारी दुपारी मिळायचे. त्या वेळात ती आणि मी मिळून माझ्यासाठी संगीत शोधायचो. 'अभ्यासासाठी शांत संगीत' असं टाकलं की ढीगभर यायचं. एकात बासरी आणि मागे पक्षी. मी पक्षीच मोजत बसले. एकात पियानो, दहा मिनिटांत झोप लागली. एकात नदीचा खळखळाट होता, पण मधेच टूथपेस्टची जाहिरात घुसली आणि आम्ही दोघी दचकलो. सिनेमातलं गाणं लावलं तर त्यातली ओळ माझ्या रसायनशास्त्राच्या वहीत उतरली. शेवटी जोडीदारणीने गळ्यातलं इष्टलिंग सावरत स्वतःचं शंकराचं स्तोत्र लावून दिलं. "याच्यानं मला लई बरं वाटतं बघ," ती म्हणाली. तिला वाटायचंही. मला मात्र त्यातला पुढचा शब्द कोणता, याचीच वाट बघत बसावं लागायचं.

मग एका रविवारी मी घरी फोन केला. आई बोलत होती आणि मागे पप्पा पेटीवर काहीतरी हळूहळू घोळवत होते. मी आईला म्हटलं, "आई, बोलू नको. फोन तसाच धरून ठेव."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. धर नुसता."

मी समोरचं जीवशास्त्राचं पान उघडलं आणि एका दमात वाचून काढलं. वाचलेलं डोक्यात राहिलं. छाती धडधडत नव्हती.

पप्पांना सांगितलं, मला हे भरून पाठवा. ते खूश झाले. "कोणतं गाणं म्हणू?"

"गाणं नको. शब्द नको. नुसती पेटी वाजवा."

पलीकडे पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शब्दच काढले तर मग आपल्या गाण्यात राहिलं काय, माय? लोक शब्दासाठी बसतेत आमच्यासमोर. माणसाला उभं करणारे शब्द हायत ते."

"मला उभं न्हाई राहायचं पप्पा, बसायचंय. दोन तास एका जागी."

ते हसले, पण त्यांना लागलं होतं हे मला कळलं. तरीही आठ दिवसांनी लातूरला येणाऱ्या एका ओळखीच्या मावशीजवळ त्यांनी मेमरी कार्डाचा छोटा प्लेअर पाठवला. तासाभराची पेटी होती. त्यात भात्याचा श्वास होता, पप्पांचा खोकला होता, कुकरची शिट्टी होती आणि एका ठिकाणी आईचं "आता बास करा, जेवा" होतं. त्या तासाभरावर मी दोन महिने अभ्यास केला. माझा नंबर वर सरकू लागला.

एके दिवशी दुपारी मॅडमनी ओढणीखालची वायर बघितली. प्लेअर हातात घेतला, वायरीचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि थोडा वेळ ऐकलं.

"ही तर जयंतीला वाजतात त्या गाण्यांची चाल आहे."

"हाव, मॅडम. माझ्या वडिलांनी वाजवलीय."

"ऐकायचंच तर काही सात्त्विक ऐकावं गं. असलं ऐकून मन शांत होतं का कधी?"

नियम मोडला म्हणून त्या रागावल्या असत्या तर मी मान खाली घातली असती. पण 'असलं' हा शब्द मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "माझं होतं. मागच्या चार परीक्षांचे मार्क काढून बघा."

उलट बोलले म्हणून पप्पांना बोलावणं गेलं. ते रजा टाकून आले. नांदेडला गाडी बदलून, अहमदपूरमार्गे, उभ्याने. मला भीती होती की ते हात जोडतील, माफी मागतील. ते कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, "मॅडम, लेकरू उलट बोललं असंल तर ते चुकलं. पण त्यात मी वाजवलेलं हाय. त्यात वाईट काय हाय, तेवढं मला दाखवा."

"नियम म्हणजे नियम," मॅडम म्हणाल्या.

"नियम मोबाईलचा लिहिलाय," मी म्हणाले. "याच्यात सिम नाही. आणि समोरच्या मंगल कार्यालयाचा डीजे अख्खी दुपार वाजतो, तेव्हा अभ्यासिकेत कुणाला त्रास होत नाही?"

"जमत नसेल तर दुसरीकडे सोय बघा."

"बघतो आम्ही," मी म्हणाले. पप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. उठले आणि माझी ट्रंक उचलायला वर आले. जोडीदारीण दुसरी पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आली, मॅडमच्या खिडकीसमोरून, मुद्दाम हळू चालत.

त्या दिवशी आम्ही पाच ठिकाणी खोली विचारली. दोन घरांत आडनाव सांगितल्यावर खोली नुकतीच गेल्याचं कळलं. दोन ठिकाणी पाणी नव्हतं. पाचवं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. जिना कोण झाडणार तेवढं विचारलं. "मी झाडीन," मी म्हणाले. वर्षभर झाडला.

त्या वर्षी माझा मेडिकलला नंबर लागला नाही. वसतिगृहात ही बातमी पोचली तेव्हा, गाणी ऐकण्याचा परिणाम, असं कुणीतरी म्हणाल्याचं जोडीदारणीने सांगितलं. मी गाण्यांमुळे नापास झाले नाही, फिजिक्समुळे झाले. जीवशास्त्रात मी क्लासमधल्या बहुतेकींच्या पुढे होते. ज्यांना हे पटवून घ्यायचं नाही त्यांना मी पटवायला गेले नाही.

मी नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. लोक अजूनही तोंड पाडून विचारतात, डॉक्टर व्हायचं राहिलं ना? राहिलं. मला माझं काम आवडतं, आणि अरेरे करणाऱ्यांना मी चहा विचारत नाही.

नर्सिंगच्या वसतिगृहात दुसऱ्या आठवड्यातच मी रीतसर अर्ज लिहिला: अभ्यासिकेत कानात वायर घालून, आवाज बाहेर येणार नाही असं संगीत ऐकण्याची परवानगी मिळावी. खाली बारा मुलींच्या सह्या घेतल्या. किनवटकडची एक मुलगी सही करताना म्हणाली, "मला तर काहीच ऐकायचं न्हाई. मला चुपचापच बरं वाटतं."

"मग सही का करून राहिलीस?"

"परवानगी असू दे ना," ती म्हणाली आणि पेन पुढच्या मुलीकडे दिलं.