आईचं माहेर कोणतं?

अर्चना गेल्याचा फोन माझ्या मुलाला, दिगंबरला आला. त्यानं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात निघून गेला. पुण्याच्या दवाखान्यात डेंग्यूनं गेली. माझ्या धाकट्या दिराची ती एकुलती एक लेक, मला मोठी आई म्हणायची. मी रडले नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की दिगंबरनं तिची माफी मागायची राहूनच गेली... आणि मला लाज वाटली. महिना उलटला तरी वाटतेच.

अर्चनाचं काम मला कळायला वेळ लागला. लोक मोबाइलवर नाव आणि पासवर्ड टाकून जिथून आत शिरतात, ते दार पक्कं आहे का, हे ती कंपन्यांसाठी तपासायची. "म्हंजी चोरावानी?" मी विचारलं होतं. "चोराच्या आधी," ती म्हणाली. बोलायला फटकळ. चहा अर्धा सोडून उठायची, केस कधी नीट बांधले नाहीत. लग्न जमलं नव्हतं. तिला त्याचं फारसं काही नव्हतं, आम्हालाच होतं.

दिगंबरनं समाजातल्या मुलामुलींची लग्नं जमवायला वेबसाइट काढली होती. लॉगिनचा तयार सांगाडा कुठून तरी घेतला आणि वर आपलं नाव घातलं. पेडगावात त्याचा मान वाढला. दिवाळीला अर्चना आली तेव्हा त्यानं कौतुकानं तिच्या हातात फोन दिला. तिनं 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं. प्रश्न आला : आईचं माहेर कोणतं?

"दादा, ह्यो प्रश्न तू ठिवलास?"

"मग? पोरींच्या ध्यानात ऱ्हातंय."

तेवढ्यात गल्लीतून शेजारीण ओरडली, "ओ पोखर्णीकरीण, विरजण हाय का?" अर्चना हसायलाच लागली. आमच्याकडं बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पोखर्णीकरीण, माझं खरं नाव गावात निम्म्यांना ठाऊक नाही. अर्चनानं दिगंबरच्या खात्यावर 'पोखर्णी' लिहिलं. लगेच नवा पासवर्ड मागितला, तो तिनं दिला, आणि साऱ्या मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर समोर आले. साइटचा मालकच तो, त्याच्या खात्यातून सगळंच दिसायचं. तिनं लगेच फोन पालथा ठेवला. "बघ. गल्लीत हाक ऐकणाऱ्या कुणालाबी जमंल. प्रश्न काढून टाक, मोबाइलवर ओटीपीचे आकडे धाड."

दिगंबरनं फोन ओढून घेतला. "सोताचं जमंना म्हणून दुसऱ्याच्या पोरींची स्थळं मोडायलीस व्हय?"

मी म्हणाले, "दिग्या, तोंड आवर." पण शब्द सुटला होता. दोन दिवसांत गावभर झालं, अर्चनानं साइट फोडली, पोरींचे फोटो पळवले. ती एसटीत बसून गेली ती परत पेडगावला आली नाही.

पुढं दिगंबरनं तो प्रश्न गुपचूप काढला आणि आकड्यांची सोय केली. मानवतला समाजाच्या मेळाव्यात त्याला शाल मिळाली. माइकवर म्हणाला, "धोका वेळीच माझ्या लक्षात आला." मी पहिल्या रांगेत होते. त्याची आई म्हणून मलाही नारळ दिला... मी घेतला.

अर्चनाला फोनवर सांगितलं. "नारळ गोड निघाला का?" एवढंच तिनं विचारलं. मग नेहमीसारखी कामाचं बोलली, "दादाला म्हण, आकडे चुकले तर परत परत टाकू देऊ नको. चारच हायत. कुणीबी बसून सगळे टाकून बघंल." मी सांगितलं. तो म्हणाला, "तिचं पुराण बंद कर."

दहाव्याला मी त्याला चार लोकांत म्हटलं, "ती बरोबर होती, असं म्हण." त्यानं मान खाली घातली. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आकड्यांचं दुरुस्त करून मला दाखवायला आला. मी म्हणाले, "मला कशाला? तिला दाखव."

म्हणून मीच लिहिते. अर्चनानं एकाही मुलीचा फोटो घेतला नाही. तिनं काही फोडलं नाही. दार उघडंच होतं, ते लाव म्हणाली. माझा मुलगा खोटं बोलला आणि गावाला ते गोड लागलं.

माझा फोन त्या दिवाळीच्या आधी तिनंच चालू करून दिलेला. त्यातही एका ठिकाणी तोच प्रश्न होता, आईचं माहेर. मी खरं गाव सांगायला लागले तर तिनं अडवलं. "खोटं सांग."

"खोटं कशाला बोलू?"

"यंत्रापुढं चालतंय. माणसांपुढं तू कधी खोटं बोलत न्हाईस, तेवढं बास हाय."

मग आम्ही दोघींनी मिळून एक गाव ठरवलं. लय हसलो. परवा फोन अडला, तोच प्रश्न पुढं आला. मी ते गाव लिहिलं आणि फोन उघडला. नारळ घेतला त्या दिवशी मी गप्पच बसले होते, ते तेव्हा आठवलं.

गावाचं नाव इथं लिहिणार नाही. कुणाला सांगायचं नाही, असं तिनं बजावलंय.