टोपीनंतरची खूण

तेओफिलो जोसेफ साखर कारखान्याचा भोंगा वाजवतात. एकेचाळीस वर्षं. बॉयलरच्या वर लोखंडी माची आहे, माचीवर वाफेची झडप, झडपेची दोरी, आणि दोरीपाशी तेओकाका. सकाळी सातला एकदा, संध्याकाळी सातला एकदा. आमच्या सान पेद्रो शहरातल्या निम्म्या घरांत त्या भोंग्यावर भात चुलीवर चढतो.

त्यांचे वडील सेंट किट्स बेटावरून ऊस तोडायला आले ते क्रिकेटची बॅट घेऊन. मुलानं ती बेसबॉलसाठी तासून गोल केली. "बापानं महिनाभर तोंड बघितलं नाही माझं," काका सांगतात. "पण चेंडू काय जायचा त्या बॅटनं." पुढे ते कारखान्याच्या बेसबॉल संघात दुसऱ्या बेसवर खेळले. मग गुडघा गेला. खेळ सुटला, वेड राहिलं.

यंदाच्या हंगामात नवे इंजिनिअर आले. ओक्तावियो पेगेरो, राजधानीचे. त्यांनी बॉयलरपाशी रेडिओला बंदी केली. काका दोनदा सापडले. दोन लेखी नोटिसा झाल्या. तिसरीला थेट घर, आणि पेन्शनही बुडणार. काकांच्या निवृत्तीला अडीच महिने उरले होते.

आणि जानेवारीतल्या त्या रविवारी अंतिम सामना होता. आमचा संघ आणि राजधानीचा.

मी वजनकाट्यावर कारकून आहे. साहित्याची पदवी घेतली आणि उसाच्या गाड्या लिहून घेतो. माझी खिडकी माचीच्या बरोबर समोर येते, आणि काट्यावर रेडिओ चालतो.

"मग तूच माझा रेडिओ," काका म्हणाले. "खुणा शिक."

मैदानावर प्रशिक्षक देतात तशा खुणा. कानाला हात म्हणजे गडी बाद. छातीला हात म्हणजे धाव. पट्ट्याला हात म्हणजे जिंकलो.

"पण आधी टोपी," काका म्हणाले. "टोपीला हात लागला नसेल तर बाकी सगळं खोटं. माणूस खाजवतो, माशा हाकलतो. टोपीनंतरची खूण तेवढी खरी. समजलं?"

"समजलं."

"कविलोकांना लगेच समजलं की मला भीती वाटते."

चार वाजता सामना सुरू झाला. मी टोपी, कान, टोपी, छाती करत राहिलो. समोर काका मान डोलवत. काकूंनी दिलेले यानिकेके, मैद्याच्या तळलेल्या पुऱ्या, तसेच पडून होते. गाडीवाले मला विचारायचे, "काय रे, उवा झाल्यात का?"

साडेसहाला नववा, शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे. दोन बाद. मग एकाला फुकट बेस मिळाला, दुसऱ्याला मिळाला, तिसऱ्याला चेंडू लागला म्हणून मिळाला. तिन्ही बेस भरले.

मला घाम फुटला. मी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. पँट घसरली होती. दोन्ही हातांनी पट्टा धरून वर ओढली.

समोर काकांनी दोन्ही हात आकाशाकडे केले. त्यातल्या एका हातात दोरी होती.

भोंगा वाजला. पंचवीस मिनिटं आधी.

मी खिडकीत थिजलो. खाली चरक थांबले, पट्टे थांबले. पाळी सुटली समजून माणसं डबे घेऊन अंगणात येऊ लागली. कार्यालयातून पेगेरो निघाले आणि बॉयलरच्या जिन्याकडे धावले. मी रेडिओ खिडकीत ठेवला, आवाज चढवला आणि त्यांच्यामागे सुटलो.

माचीवर पोचलो तेव्हा झडप अजून फुसफुसत होती. काका हसत होते. पेगेरोंचा चेहरा पाहून हसू विझलं.

"भोंगा कोणी वाजवला?"

"मी, साहेब."

"ही तिसरी, तेओफिलो."

"माझी चूक," मी म्हणालो. "सामन्याची खूण मी दिली. म्हणजे दिली नाही. पँट वर ओढली."

"तू गप्प बस," काका म्हणाले. "मीच चुकीची वाचली."

"कसली खूण?" पेगेरोंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. कान, छाती, पट्टा. तेवढ्यात खाली अंगणात असा गलका उठला की माची थरथरली. पेगेरो कठड्यावरून वाकले.

"काय झालं?"

"जिंकलो, साहेब," खालून कोणीतरी ओरडलं. "तुमचे हरले."

पेगेरोंनी कठडा सोडला. मला वाटलं, संपलं.

मग ते माझ्याकडे वळले. "पट्ट्याच्या आधी कुठे हात लावलास?"

"टोपीला."

"खरी खूण कशानंतर ठरली होती?"

"टोपीनंतर."

"मग यांनी बरोबर वाचली." त्यांनी खिशातून वही काढली. "खूण देणारा चुकला तर धावणाऱ्याला दोष देत नाहीत. मीही खेळलोय. नोटीस तुझ्या नावानं."

"पण साहेब, दोरी तर मीच—" काका म्हणाले.

"तुम्हाला घरी जायचंय का, तेओफिलो?"

काकांनी दोरी हातातून सोडली.

पेगेरोंनी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि जिना उतरत अंगणात ओरडले, "चला कामाला. सात वाजायचेत अजून."

मला नोकरीतली पहिली नोटीस मिळाली होती आणि मी वेड्यासारखा हसत होतो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जिंकणारा फटका कुठे गेला?" त्यांनी विचारलं. "उजवीकडे की मधून?"

"मी जिन्यात होतो, काका. ऐकला नाही."

"मग जा, खाली विचारून ये," ते म्हणाले. "पळ. आणि येऊन तोंडानं सांग."